‘नको’ कधी वापरतात

मोरिवली गाव,
१३ जानेवारी, मंगळवार

चि. जिज्ञासा हिला आजीचा आशीर्वाद.

इथे सगळे खाऊनपिऊन सुखी आहेत. तुझा बाप कंपनीत, तुझी आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलतेय. अक्षर वाकडं आहे ते डोळ्यामुळे नाही, दुसरीत शाळा सोडली त्यामुळे. तुझी आई म्हणाली, मी लिहून देते. पण ती मध्येच डोळे पुसते आणि कागद भिजवते. म्हणून मीच बसले.

फोन केला असता, पण तुझ्या फोनवर तुझ्याआधी ते निरोप घेणारं यंत्र ऐकतं. मला तुझ्याशी बोलायचंय, तुझ्या कारकुनाशी नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या महिन्यात झालं. पट्टी काढली तेव्हा कंपनीचा धूर पांढरा दिसला. इतकी वर्षं मला तो पिवळा वाटायचा. पिवळा माझा डोळा होता.

तेव्हापासून दुपारी पडले की स्वप्नात माहेरच्या मिठागरात जाते. पाणी आणि आभाळ एकच झालेलं, मधे मिठाच्या राशी. बांधावर आपली सगळी हत्यारं ओळीने उभी. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, तुझ्या अक्षरात. विळीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘उभ्याने वापरू नका, माझ्यावर बसा.’ पाट्याच्या चिठ्ठीवर, ‘वरवंटा नसेल तर मला बोलावू नका.’ मी हसत हसत पुढे जाते. मग माझ्या गळ्याला हात लावते तर तिथेही दोरा. चिठ्ठी कोरी. तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन येते आणि मिठागर पुसून जातं.

हे सगळं तुझ्यामुळे. दिवाळीला तूच सांगत होतीस ना, “आजी, यंत्राला नुसतं हत्यार देऊन भागत नाही. ते कशाला आहे, कधी उचलायचं, कधी हात लावायचा नाही, सगळं साध्या भाषेत लिहावं लागतं. लिहिलंय तेवढंच त्याला कळतं.”

मी म्हटलं, “म्हणजे नवी सून.”

“सून तरी शेजारणीला विचारते गं!”

मग तू कॅम्प दोनच्या बाजारातल्या दुकानदार हरेशशेठची गोष्ट सांगितलीस. संध्याकाळी शटर ओढताना तो फोनला म्हणाला, “दुकान बढा दिया.” यंत्राने सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं, आमचं दुकान मोठं झालं आहे, अवश्य या. सकाळी बाजूवाले पेढे मागायला हजर. दुकान बंद केलं असं तोंडाने म्हणायचं नसतं, वाढवलं म्हणायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत. तू म्हणालीस, “यंत्राची चूक नाही आजी, माझी. दुकान बंद करायच्या हत्याराखाली मी ‘वाढवणे’ हा शब्द लिहिलाच नव्हता.”

मला ते पटलं. आता पुढचं ऐक.

ऑपरेशनच्या आधी मी तुझ्या फोनवर निरोप बोलले. “मोतीबिंदू काढायचाय. तू नको येऊस. बदलापूरहून कशाला हेलपाटा? तुझी कामं कर. मी काय मरत नाही.” लगेच उत्तर आलं, “ठीक आहे आजी, जिज्ञासाची भेट रद्द केली आहे. काळजी घ्या.” किती सभ्य! तुला त्याने काय सांगितलं असेल? आजी बरी आहे, यायची गरज नाही. बरोबरच सांगितलं. मी तेच बोलले होते.

दवाखान्यात तुझ्या आईने माझा हात धरला. आत नेईपर्यंत मी दाराकडे बघत होते. दाराच्या वर घड्याळ होतं, म्हणून.

तुझ्यावर राग नाही. त्या यंत्रावरही नाही. त्याला माझ्याबद्दल कोणी काही लिहूनच दिलेलं नाही, तर ते बिचारं काय करणार? तेव्हा आता लिही. नाव ठमाबाई. तोंड चालवते. वालाच्या बिरड्यासाठी आणि पोरांना दम द्यायला कामाची. ‘मर मेले’ म्हणाली तर ताट घेऊन जेवायला बसायचं. ‘माझं काही दुखत नाही’ म्हणाली तर गोळ्यांचा डबा उघडून बघायचा. आणि ‘नको’ म्हणाली तर...

ते तू लिही. पगार त्याचाच घेतेस ना?

दुसरा डोळा येत्या सोमवारी, सकाळी. दवाखाना तोच, कॅम्प पाचचा. रिक्षा सांगून ठेवलीय, तुझी आई सोबत आहे. रिक्षात तिघी आरामात मावतात.

तेव्हा तू नको येऊस.

तुझी आजी,
ठमाबाई