थ्रासोनची साक्ष

हेकातोम्बेऑन महिना, सहावा दिवस

नाही म्हणाले! नागरिकांच्या यादीत माझं नाव घ्यायला गावानेच नकार दिला. "बाप अथेन्सचा, पण आई कुठली कोण जाणे!" आई मला आठवतही नाही. बाबा म्हणतात, न्यायसभेत दाद मागू. जिंकलो तर नागरिक. हरलो तर गुलाम म्हणून बाजारात विकतील, कायदाच आहे तसा.

नववा

बाबा सांगतात, आई लेम्नॉस बेटावरची, पण तिचे आईबाप दोघं अथेन्सचे. साक्षीला आणू कोणाला? सगळे मेले.

आखाड्यात गेलो — कुत्र्याच्या नावाचा तो, आमच्यासारख्या अर्ध्या रक्ताच्या पोरांचा. दारात थ्रासोन म्हातारा पडलेला. फाटकं कांबळं, झोळीत घुगऱ्या. घरदार सोडलेला माणूस. लोक त्याला कुत्रा म्हणतात, तर तो म्हणतो, "आहेच. उघड्यावर खातो, कुठेही झोपतो, आणि खोटं दिसलं की भुंकतो."

त्याच्यासमोर रडलो. लाज वाटली.

"नागरिक झालास तर काय शिंगं फुटणारेत, निकोन? मी जन्माचा नागरिक. बघ माझ्याकडे."

म्हटलं, "तुझ्याकडे सोडायला तरी काही होतं."

म्हाताऱ्याने विचारलं, "खटला कधी आहे?"

सोळावा

जिंकलो! थ्रासोन चक्क अंघोळ करून आला, अंगावर कोणाचं तरी पांढरं वस्त्र. देवांची शपथ घेऊन म्हणाला, "लेम्नॉसला मी याच्या आजोबांचा शेजारी होतो. अस्सल अथेन्सची माणसं." हा कधी खोटं बोलत नाही हे सगळ्या शहराला ठाऊक. त्यावरच निकाल लागला.

बाहेर आल्यावर विचारलं, आई कशी दिसायची?

"मला काय माहीत? मी लेम्नॉस पाहिलेलं नाही." वस्त्र काढून माझ्या हातात दिलं. "आता कोणावर भुंकायचं तोंड नाही राहिलं बघ मला, पोरा."

एकविसावा

झोप नाही. बाजारात दिसला की हसतो. त्याच्या पोटात काही राहत नाही. एक दिवस बोलून जाईल, मग मला विकतील. बाबा म्हणतात, "त्याला हाकलता आलं तर बरं होईल." ज्याने वाचवलं त्याचीच भीती वाटते. काय झालंय मला?

पुढचा महिना, चौथा

सगळ्या याद्या पुन्हा तपासायचा हुकूम निघाला. प्रत्येक नावावर गावाचं मत. थ्रासोन आमच्याच गावच्या यादीतला; त्याच्या जन्माबद्दलही कोणीतरी शंका काढलीय. तो म्हणे हसला, आणि दाद मागणार नाही म्हणाला. बाबा म्हणाले, "नाव गेलं की मग त्याचं बोलणं कोण ऐकतंय?"

सातवा

थ्रासोनचं नाव गेलं. एका मताने. खडे मुठीतून टाकतात, पांढरा नाव ठेवायचा, काळा काढायचा; कोणाचा कुठला ते कळत नाही. माझा काळा होता.