बाईंचा उजवा डोळा

बाई, मी आता तुमच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी झाले आहे, म्हणून आज सांगायची हिंमत करते. त्या रविवारी तुमच्या उजव्या डोळ्यात मला वाईट काहीतरी दिसलं होतं, आणि मी तुम्हाला "साफ आहे" म्हणून सांगितलं.

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपास मी मानोऱ्याच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली नर्स म्हणून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. डोळ्याचा मागचा पडदा पाहणं हे डॉक्टरसाहेबांचं काम. आपण बाहुली मोठी करणारे थेंब टाकायचे आणि खिडकीला घोंगडी लावून अंधार करायचा, एवढंच मला शिकवलेलं. पण तांड्यांवरच्या बाया साहेबांना तोंडाजवळ येऊच देत नव्हत्या. अंधाऱ्या खोलीत परका पुरुष, त्याचा श्वास गालाला लागतो इतका जवळ, आणि वरून म्हणतो डोळे उघडे ठेव. त्या पदर ओढून सरळ उठून जायच्या. अंगावर सूज आलेली, डोकं ठणकतं म्हणणारी एखादी पोटुशी अशी निघून गेली की तुम्ही दिवसभर कोणाशी बोलत नसा. शेवटी साहेबांच्या मागे लागून ते उजेड टाकून डोळ्याच्या आत पाहायचं बॅटरीचं यंत्र तुम्हीच शिकून घेतलंत, आणि मग मला म्हणालात, "हे तुले बी याले पाह्यजे. मी काय जन्मभर पुरनार आहो?"

शिकायला डोळा कुणाचा? तुमचाच. रविवारी दुपारी जेवणं झाली की तुम्ही थेंब टाकून घ्यायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. पहिल्याच दिवशी मी जवळ आले तशा मागं सरकलात. "काहून वं, कांदा खाऊन आली काय? पेशंटच्या नाकाशी जायाचं आहे तुले." आणि माझ्या हातावर बडीशेप ठेवलीत. उजवा डोळा पाहायचा तर आपलाही उजवाच लावायचा, नाहीतर नाकावर नाक आपटतं. माझं तीनदा आपटलं, तुम्ही पदरात तोंड घालून हसलात. थेंबांमुळे रात्र पडेपर्यंत तुम्हाला जवळचं धड दिसायचं नाही. मग तांदूळ मी निवडायची, तुमच्या भावाचं पत्र मी वाचून दाखवायची. आठवड्यातला एकच मोकळा दिवस, तोही तुम्ही असा माझ्यावर घालवलात. माझ्या सख्ख्या आईनं मला इतकं जवळ बसवल्याचं मला आठवत नाही.

पाचव्या की सहाव्या रविवारी तो पडदा एकदम नीट दिसला. केशरी रंग, मधे फिकट चकती, तिथून पळसाच्या पानावर असतात तशा फाटे फुटलेल्या शिरा. मी हरखून गेले. आणि मग चकतीच्या बाजूला दिसतात दोन-तीन लाल ओरखडे, नखानं काढल्यासारखे, आणि एक पांढुरका डाग. रक्तदाब फार चढला की असं होतं, पोटुश्या बायांच्या डोळ्यांत हेच शोधायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. "काय दिसून राह्यलं?" तुम्ही विचारताय. "जे दिसते तेच सांगजो, दिसाले पाह्यजे ते नोको सांगू." मी म्हणाले, "साफ आहे बाई." तुम्ही किती खूश झालात. "आता आली तुले नजर," म्हणालात.

चार महिन्यांनी वॉर्डात चादर बदलता बदलता तुम्ही खाली बसलात आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तीन दिवस मी तुमच्या उशाशी होते. बोलता येत नव्हतं, पण माझा हात काही सोडला नाहीत. तुम्ही गेल्यावर साहेबांनी विचारलं, "तू डोळे पाह्यत होतीस ना त्यांचे? काही दिसलं नाही?" मी म्हणाले, "मी नवी आहो साहेब, मले कुठं समजते." त्यांनी बिचाऱ्यांनी ते खरं मानलं. त्या काळी इलाज तरी काय होता, आराम आणि बिनमिठाचं जेवण. तुम्ही वाचल्या असत्या की नाही, देव जाणे. पण ते चार महिने चादरी ओढत, बादल्या उचलत तरी गेले नसते.

पुढं नोकरीभर मी बायांचे डोळे पाहिले, मानोऱ्यात आणि बदली झाल्यावर कामरगावातही. दिसलं ते तोंडावर सांगितलं. सासवांनी शिव्या घातल्या तरी सांगितलं. माणसं मला खडूस म्हणतात. म्हणेनात का.

हे पत्र टाकू तरी कुठं? तुमच्या भावाचं गाव अजून पाठ आहे, पण तिथं आता कोण असणार. राहू दे माझ्याजवळच. फक्त एक लिहून टाकते. नवीन होते म्हणून कळलं नाही, हेच मी आजवर नवऱ्यालाही सांगत आले. कळलं होतं, बाई. अगदी स्वच्छ दिसलं होतं. बोलले असते तर साहेबांनी त्याच आठवड्यात तुम्हाला आरामाला भावाकडं धाडलं असतं, आणि त्या दवाखान्यात मी एकटी उरले असते. मले तुमी पाह्यजे होत्या.