शिंकेसकट जर्मन

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. आपली तब्येत उत्तम असेलच, मामींचा गुडघाही आता कुरकुरत नसावा. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे नोकरी सोडून.

मी जर्मन शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. (शेजारच्या काकूंच्या मते मी जर्मनची भांडी विकते.) तर गेल्या वर्षी आमच्या संचालकांना साक्षात्कार झाला की समोर शिक्षक असला की मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो. म्हणून सगळे धडे एकदाच चित्रित करायचे आणि मुलांनी ते घरबसल्या मोबाइलवर पाहायचे. मला अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांपुढे बसवलं. पहिल्याच धड्यात मी म्हटलं, माझ्यामागून हुबेहूब म्हणा, "गुटन", आणि धुळीनं अशी सणसणीत शिंकले म्हणता! मग रुमाल काढून, नाक पुसून, "मॉर्गन". एवढं कापा म्हणून मी विनवलं, तर संचालक म्हणाले, "राहू द्या हो मॅडम, जिवंतपणा वाटतो."

मुलं गुणी. (शंका विचारायची सोयच नव्हती.) तोंडी परीक्षेला परदेशातल्या एक बाई पडद्यावर आल्या. पहिला मुलगा ठणकावून म्हणाला, "गुटन आऽक्छी मॉर्गन!" शिंक ऐकून बाईंनी जर्मन रीतीप्रमाणे त्याला आरोग्य चिंतलं. दुसरीलाही चिंतलं. तिसऱ्याला खिडकी उघडायला सांगितलं. चौथ्यानं शिंकून झाल्यावर खिशातून रुमालही काढला, तेव्हा मात्र त्यांनी परीक्षा थांबवली. संचालक घाम पुसत म्हणाले, "आमच्याकडे असाच उच्चार आहे." बाई म्हणाल्या, "शिक्षिकेला बोलवा."

मामा, मी खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. पण संगणक ठेवला होता त्याच अडगळीच्या खोलीत! "गुटन" म्हटलं आणि पुढचं नाकानंच सांगितलं.

बाईंची उच्चाराबद्दल खात्री पटली, सगळी मुलं पास. संस्थेच्या जाहिरातीत आता "अस्सल उच्चार, शिक्षकाविना" असं छापलंय. माझा वर्ग माझ्याशिवाय चालतो, तेव्हा पगारही माझ्याशिवाय चालेल, असं संचालकांचं मत पडतंय. परवा जिन्यात एक विद्यार्थिनी भेटली. "काय गं, कशी आहेस?" म्हटलं, तर दचकून म्हणाली, "मॅडम, तुम्ही समोरच्याशी बोलतासुद्धा?" हसू आलं, पण घरी येईपर्यंत टिकलं नाही.

असल्या शिक्षणाच्या वाऱ्यालाही आपल्या घरातल्या कुणी उभं राहू नये, एवढंच सांगायला हे पत्र. मामींना नमस्कार.

आपली भाची

ता. क. : ज्यांना नोकरी टिकवायची आहे त्यांनी दोन नवे विद्यार्थी आणायचे, असा फतवा निघालाय. तुमचं आणि मामींचं नाव घातलंय, रागावू नका.

ता. क. २ : धडे चित्रितच, पण आता हजेरीसाठी सगळ्यांनी दुपारी जेवणानंतर एकाच वेळी मोबाइलवर हजर राहायचं. खुशाल झोपा. फक्त माइक बंद ठेवा, मामींचं घोरणं संचालक उच्चार म्हणून शिकवायला घेतील.