हौद अजून अर्धा भरलेला आहे

प्रिय वाल्मिकराव,

दुसरा टँकर लावला म्हणे मी! असं तुम्ही पंपावर चार माणसांत बोललात, आणि माझ्या कानावर आलं ते तुमच्या ड्रायव्हरच्या तोंडून. अमृत काल शेजारच्या हौदात पाणी सोडून पाईप गुंडाळता गुंडाळता म्हणतो, "मावशी, मालक म्हनत्यात, जुनं गिऱ्हाईक तुटलं." तुटायला मी काय सुतळी आहे? इतक्या वर्षांत माझ्या दारात दुसऱ्याच्या टँकरचं चाक आलं नाही. शंका होती तर समोर येऊन विचारायचं. ते नाही, ड्रायव्हर पाठवला. फोन केला तर गाडीच्या आवाजात "हां हां, बोलतो नंतर" म्हणून ठेवून दिला. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेली बाई आहे मी. अक्षर बघू नका, मजकूर बघा.

खरी गोष्ट अशी की मला आता तेवढं पाणी लागतच नाही. आणि हे तुम्हीच करून ठेवलंय. आठवा, दोन उन्हाळ्यांपूर्वी तुम्ही हौदापाशी उभे होतात. लग्नाची भांडी भाड्यावरून परत आलेली, माझ्या बाया घासत होत्या आणि पाईप तसाच जमिनीवर वाहत होता. तुम्ही म्हणालात, "झुंबरबाई, भांडी धुताय का रस्ता?" आणि हसलात वर. पाथर्डीकडच्या दुष्काळी मुलखातल्या माणसानं मला पाण्यावरून हसावं? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आधी पाईपच्या तोंडाला कॉक बसवला. हात घासतोय तोवर पाणी बंद. मग सॉ मिलवरून लाकडाचा भुसा आणला. पातेल्याचं खरकटं खरवडून काढायचं, तेलकटपणा कोरड्या भुशानं पुसायचा, पाण्याला हात लावायचा तो त्यानंतर. आणि तीन टप मांडले. पहिल्यात साबण, दुसऱ्यात खळबळायचं, तिसऱ्यात शेवटचं. तिसऱ्यातलं पाणी संध्याकाळी जवळजवळ स्वच्छच असतं, ते दुसऱ्या दिवशी पहिल्या टपात. साबणाचं उरतं ते अंगणात शिंपडते, धूळ बसते.

सोपं वाटतं ना वाचायला? माझ्याकडे भांडी घासणाऱ्या सविताला विचारा. नवीन नवीन असताना तिनं जागरण-गोंधळाची मटणाची पातेली आधी बुडवली आणि त्याच टपात मागून सप्ताहाचे पेले. दुपारी पंगतीतला वाढपी पेला हुंगत पळत आला, "मावशी, बुवांच्या पाण्याला रश्श्याचा वास मारतोय!" सगळे पेले माझ्याच घरच्या पिण्याच्या पाण्यानं पुन्हा धुवून दिले. सविता रडायला लागली, मी तिला आणखी चार शब्द ऐकवले. तेव्हापासून आमच्याकडे नेम आहे. पेले पहिले, मग ताटं, मग पातेली, आणि मटणाचं काही असेल तर त्याचा टप वेगळा, कोपऱ्यात. गिऱ्हाइकालाही सांगून ठेवलंय, भांडं खरवडून आणा, नाहीतर दारातून परत. दोघं-तिघं फुगून गेले. पुढच्या लग्नाला माझ्याकडेच आले, कारण माझ्या भांड्याला वास नसतो. परवा तिसगावचा खानावळवाला उभा राहून टप बघत होता. म्हटलं बघ, फुकट आहे.

तर पूर्वी लग्नसराईत आठवड्याला दोन टँकर रिकामे व्हायचे, आता एकच किती दिवस पुरतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच तर मोजत बसलाय. मी हौदात काठी घालून बघायची आणि खूश व्हायची. मग टँकरचा वार, बुधवार आला, सवितानं सवयीनं दोन कप मांडले, आणि टँकर तर बोलवलेलाच नव्हता. तुम्ही हौद भरेपर्यंत उलट्या पातेल्यावर बसायचात, चहा पातळ झाला म्हणायचात, आणि हातात पडेल त्या झाऱ्याचा दांडा ठोकून द्यायचात. तेवढा वेळ मी कुणावर ओरडायची नाही, असं सविता म्हणते. पाणी कमी केलं तसं तुमचं येणं कमी झालं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एका संध्याकाळी मनात आलं, कॉक सोडून द्यावा. सकाळपर्यंत हौद रिकामा, मग टँकर बोलवायला कुणाच्या बापाची भीती? कॉकला हात लावलासुद्धा. समोरच्या वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन चालल्या होत्या. हात काढून घेतला. त्यांच्या घशातलं पाणी ओतून माणूस बोलवायचा, एवढी मी घसरले नाही. बोलवायचं तर सरळ नाव घेऊन बोलवेन.

म्हणून बोलवतेय. तालुक्यातल्या कितीतरी लग्नांना माझी पातेली जाऊन आली. मी एकाही मांडवात गेले नाही. नवरा गेलेली बाई दिसली की हळदीचं ताट उचलून आत नेणारे लोक अजून आहेत, आणि मला कुणाच्या दारात अंग चोरून उभं राहता येत नाही. तुमचा मुलगा हर्षल पुण्यात, मालकीणबाई देवाघरी, तुम्ही ढाब्यावर गार भाकरी खाता. इकडे मी एकटीसाठी चूल पेटवते. हे मला पटत नाही. दोघांची चूल एक करावी म्हणते. स्नेहलला मी सांगितलंय, विचारलेलं नाही. लेक म्हणाली, "आई, त्यांच्या चहात साखर नको घालत जाऊ, शुगर हाय त्यांना." म्हणजे तिला माझ्याआधी कळलं होतं. तुम्हाला कळलं नसेल असं मी मानत नाही. पंपावर उगीच का जीव जळला तुमचा? साखर कारखान्यानं तुमचा टँकर बंद केला तेव्हा तर तुम्ही हूं का चूं केलं नव्हतं.

चिठ्ठी चिकटवून अमृतकडे देतेय. उघडली तर त्याचं काही खरं नाही. येत्या गुरुवारी दिवस मावळायच्या आत मला उत्तर पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर अमृतबरोबर टँकर पाठवा, मी समजेन आणि पैसे देईन. हो असेल तर मोटारसायकलवर या, एकटे, रिकाम्या हातानं. पाणी आणू नका. हौद अजून अर्धा भरलेला आहे.

तुमचीच लिहायचं की नाही, हे गुरुवारी ठरेल.
झुंबर