शेडमधला आवाज

प्रिय मिनोरी,

मी तुझ्या पोरीला तुझ्याविरुद्ध फितवते, हे तू मला तोंडावर सांगायचं होतंस. फुजिए मावशीकडे कशाला बोललीस? ती कालवं फोडता फोडता अख्ख्या शेडला ऐकवते. "तोकिए, नात म्हणे आईशी फोनवर बोलत नाही. काय मंत्र घातलास गं?" बायका हसल्या. मीही हसले आणि सुरी बोटात घुसवून घेतली. तू तिकडे सेंदाईला जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात रात्रपाळ्या करणार, रविवारी फोन लावणार, आणि कोनात्सु फोन टाकून पळाली की दोष माझा. आता तर तू माझाही फोन उचलत नाहीस. बरंच आहे. फोनवर मी ओरडते, कागदावर ओरडता येत नाही.

गेल्या गुरुवारी आरोग्य केंद्रात तिची तीन वर्षांची तपासणी झाली. वजन चांगलं भरलं. दातांची तर मला घमेंडच होती. तू पाठवतेस त्या दुधाच्या गोळ्या मी फडताळात वर लपवते, आता रागाव हवं तर. रोज झोपताना तिला मांडीवर आडवी पाडून दात घासते, बोंबलली तरी सोडत नाही. दातांची डॉक्टरीण तुझ्याच वयाची, तोंडाला मास्क. कोनात्सुचं डोकं तिच्या मांडीवर, पाय माझ्या कमरेशी. "आ कर बघू, राणी," डॉक्टरीण म्हणाली. ही नुसती टकामका बघतेय. पुन्हा म्हणाली, तरी तेच. मागे पोरांची रांग, मला शेडवर परत जायचं होतं. मी हिच्या पायावर चापट मारली आणि म्हटलं, "हट्टी आहे, आईवर गेलीय." हो, असंच म्हटलं.

डॉक्टरणीनं मास्क खाली ओढला आणि तेच शब्द, तेवढ्याच हळू, परत म्हणाली. कोनात्सुनं लगेच आ केलं. एकही दात किडलेला नाही. मी कौतुकाची वाट बघत होते. बाई मास्क वर करून म्हणाली, "घरी कुणाचं ऐकते ही?" मी छाती काढून सांगितलं, "फक्त माझं." ती म्हणाली, "आजी, तुम्ही नेहमी एवढ्याच मोठ्यानं बोलता का?"

मला राग आला. पण मग मला घरची गोष्ट आठवली. घरीच कान तपासून बघायला केंद्रानं आधी चित्रं पाठवली होती, कुत्रा, छत्री, बूट, खुर्ची. आपण तोंडावर हात धरून कुजबुजत नाव घ्यायचं, पोरानं चित्रावर बोट ठेवायचं. मी दमून आले होते. शेडवरच्या पंपाच्या घरघरीत इतकी वर्षं ओरडून बोलणाऱ्या बाईनं कुजबुज कुठून आणायची? तरी केली. तर ही माझा हात तोंडावरून खाली ओढायला लागली. मला वाटलं, खेळतेय. झोपायची वेळ टळत होती, म्हणून हात काढला आणि शेडमधल्या आवाजात नावं घेतली. तिनं एकूण एक बरोबर दाखवलं. केंद्रात मी ठोकून दिलं, सगळं ऐकू येतं. ती हात का ओढत होती, हे मी विचारलंच नाही गं.

नंतर नर्सनं तिच्या मागे घंटी वाजवली. कोनात्सु ठोकळे रचत राहिली. परत वाजवली. मला ती घंटी आजही ऐकू येतेय.

मंत्र मी घातला नव्हता, मिनोरी. पण फोन टाकून ती माझ्या कुशीत शिरायची तेव्हा मला बरं वाटायचं. तू रडतेस हे कळायचं, तरी बरं वाटायचं. ती तुझ्यावर रुसलेली नाही. फोनातली तू तिला ऐकूच येत नाहीस, आणि तिथे तुझं तोंडही दिसत नाही. पुढच्या बुधवारी मोठ्या इस्पितळात तिचे कान तपासणार आहेत. तान्ही असताना ती आवाजानं दचकायची का, असं मला विचारलं, तर मला सांगता येईना. तेव्हा ती तुझ्याजवळ होती. तू ये. तिच्यासमोर बस, तोंडावर केस येऊ देऊ नकोस, आणि बोल. येतेस की नाही ते शनिवारपर्यंत कळव. फोन मलाच कर, मला ऐकू येतं.

तुझीच,
ओरडणारी आई