रेघ मारायच्या आधी

प्रिय ठमाबाई,

तुझे फोन येत राहिले आणि मी उचलले नाहीत. रागावले नाहीये. बोलायचं बळ नव्हतं, इतकंच.

बाबा गेल्यावर त्यांनी रंगवलेल्या पाट्यांवरून तू त्यांच्या अक्षराचा फॉन्ट केलास. लोकांना तो भलताच आवडलेला दिसतो. कोपऱ्यावरच्या बेकरीवर तेच अक्षर, सलूनच्या काचेवर तेच. बेकरीला शोभतं हो. हाताने लिहिल्यासारखं, घाई नसलेलं, बघूनच पाव ताजा वाटतो. दवाखान्यात मात्र त्याच अक्षरात 'शांतता राखा' लिहिलंय. जन्मभर तोंड बंद न ठेवलेला माणूस! मला हसू फुटलं. शेजारची बाई बघायला लागली. तिला काय सांगणार?

तुझं काम चोख आहे. 'र'ची शेपटी, 'ळ'चं पोट, सगळं हुबेहूब. फक्त प्रत्येक 'र' सारखाच. त्यांचा ब्रश कोरडा पडत आला की अक्षरं फिकी व्हायची. वरची रेघ तर कधी सरळ आली नाही, कारण ती मारताना त्यांची बडबड चालू. ती रेघ ते सगळ्यात शेवटी मारत. आधी नुसती अक्षरं काढायची आणि मला हाक, "अगं, वाच बरं." लग्न झालं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. त्या पाट्यांवरच अक्षरं जुळवत शिकले. मी अडखळले की म्हणायचे, "तू अडलीस म्हणजे गिऱ्हाईकही अडणार," आणि ते अक्षर पुसून नव्याने काढायचे. बघ माझा थाट! मी मान हलवल्याशिवाय रेघ नाही. तुझ्या फॉन्टमध्ये रेघ अक्षराबरोबरच येते. येणारच. यंत्र कुणाला विचारणार?

मागच्या आठवड्यात तुझं कार्ड आलं. उघडलं तर त्यांच्या अक्षरात एवढंच, 'जेवलीस का?' मी मोठ्याने "हो" म्हणाले. जेवले नव्हते. मग बराच वेळ खुर्चीतून उठवेना. मला बरं वाटावं म्हणूनच केलंस, कळतं गं मला. पण पोरी, त्यांचं विचारून झालंय. तो फॉन्ट पाट्यांवर खुशाल मिरवू दे, मला तेवढं त्यात लिहू नकोस. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, शाळेत त्यावरून बोलणी खाल्लीस, म्हणून हाताने लिहायचं टाळतेस. त्याच अक्षरात लिही. मी अडखळेन, परत वाचेन, सवय आहे मला. जेवलीस का म्हणून तू विचार. तुला खरं सांगेन.

पोस्टमनकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई