चाकं जरा आत येतात

बाबा,

आज रविवार. सकाळचे साडेनऊ झालेत आणि अकराच्या सुमारास सात माणसं तुमचा सत्कार करायला आपल्या घरी येणार आहेत. किंवा येणार नाहीत. मला कळायला काही मार्ग नाही, म्हणून पडवीत सात खुर्च्या मांडून त्यातल्याच एकीवर बसून मी तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली हे मला माहीत आहे, आईला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. त्या सात जणांना मात्र माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. आईला मी सकाळी म्हटलं, अंगणातल्या दोरीवरचे बोंबील आजच्या दिवस मागे घाल. ती म्हणाली, "पुन्याची मानसं येतात म्हनून मी बोंबील काढू? ती काय मासे खात नाय?" बोंबील आहेत तिथेच आहेत. मी वाद घातला नाही, माझा जीव फोनमध्ये अडकलाय.

तुम्ही कंपनीतून पाळी संपवून यायचात, चहा घ्यायचात आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधल्या आपल्या छोट्या लेथवर बसायचात. दिवसभर लेथवर उभं राहून पुन्हा घरी लेथच, याचं लोकांना नवल वाटे. त्यावर तुम्ही आगगाडीची चाकं काढायचात, शर्टाच्या बटणाएवढी, पितळेची, आतून बारीक कड असलेली. दोन चाकं एका दांडीवर बसवली की एक जोडी. खेळण्यातली चाकं म्हटलेलं तुम्हाला खपत नसे. ती मागवणारी माणसंही काही पोरं नव्हती. कुणी बँकेत, कुणी कॉलेजात शिकवणारा, आणि ते पुण्याचे डॉक्टर. घरातल्या एखाद्या खोलीत रूळ मांडून खऱ्या गाड्यांच्या हुबेहूब छोट्या गाड्या चालवणारी ही मंडळी. त्यांची पत्रं तुम्ही मला दोनदोनदा वाचायला लावायचात. एकाने लिहिलं होतं, तुमच्या चाकांवर डबा ठेवला की ढकलावा लागत नाही, जवळ बसून श्वास सोडला की चालतो. त्या दिवशी तुम्ही जेवताना भात मागून घेतलात आणि हसत होतात.

डॉक्टर तरुणपणी दोन वर्षं आपल्याकडच्या वाणगावच्या दवाखान्यात होते. त्यांनी घरी वाणगाव स्टेशन केलं, फलाट, बाकडं, पाण्याची टाकी सगळं, आणि फलाटावर हातात जेवणाचा डबा घेतलेला एक बोटाच्या पेराएवढा माणूस उभा केला. फोटोच्या मागे लिहिलं, "हे तुम्ही. तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, चुकलं असल्यास क्षमा." तुम्ही भिंग लावून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "डबा डाव्या हातात दाखवलाय. मी उजव्यात धरतो." पण फोटो पाकिटात ठेवलात.

आणि ती काच. प्रत्येक जोडी तुम्ही खिडकीच्या काचेच्या तुकड्यावरून सोडायचात आणि कान देऊन ऐकायचात. चांगली जोडी आवाज न करता जाते, वाकडी कुजबुजते. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, नुकती लेथ शिकत होते. एक कुजबुजणारी जोडी मी हळूच चांगल्यांत टाकली, आठ तर होत्या, कोण बघतंय म्हणून. तुम्ही सगळ्या जोड्या पुन्हा एकेक करून काचेवरून सोडल्यात. आवाज चढवला नाहीत. "तो माणूस डब्याच्या खिडकीला पडदा लावायला महिना घालवतो. त्याच्या गाडीखाली तू हे लावणार?" एवढंच. आजही कुणी काच पुसताना दिसलं की मी आपसूक कान देते.

तुम्ही फोनवर कधी बोलला नाहीत. तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नसे म्हणून पत्रंही तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची. फोन आला की मी म्हणायची, बाबा कामात आहेत. हे वाक्य तुम्ही असताना खरं होतं. तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टरांचं काम अर्धं झालेलं होतं. पंधरा दिवसांनी मी शेडचं दार उघडलं, उरलेल्या जोड्या पूर्ण केल्या आणि पार्सल केलं. सोबत कळवणार होते. कार्ड आणलेलं होतं, पण तुमच्या नावाआधी 'कैलासवासी' लिहायला पेन चालेना. म्हटलं, पुढच्या वेळी. तर डॉक्टरांचं उत्तर आलं, "तोच हात, तीच चाकं." बाबा, ती ओळ मी किती वेळा वाचली असेन. मला तिचा मोह पडला. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि नंतर सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. फोन आला की मी तेच म्हणत राहिले, बाबा कामात आहेत. आई जवळ असली तर उठून आत जायची.

गेल्या महिन्यात या सात जणांनी ठरवलं की इतकी वर्षं ज्यांच्या चाकांवर आपल्या गाड्या धावल्या त्यांना एकदा भेटायचंच. शाल, श्रीफळ आणि सगळ्यांनी मिळून केलेला गाडीचा एक डबा. मी नको म्हटलं, घर लहान आहे म्हटलं, तुमचा स्वभाव भिडस्त आहे म्हटलं. ते म्हणाले, म्हणून तर आम्ही येतोय. मी ठरवलं होतं की त्या दिवशी तुम्हाला मासवणला नातेवाइकांकडे अचानक जावं लागलं असं सांगायचं. बघा, कुठवर पोचले होते मी.

बुधवारी डॉक्टरांचा फोन आला. आवाज एकदम खाली. म्हणाले, "एक विनंती. हे बाबांपर्यंत जाऊ देऊ नका. गेली काही वर्षं चाकं जरा आत येतात. दोन चाकांमधलं अंतर केसभर कमी भरतं. सरळ रुळावर कळत नाही, पण सांध्यावर, जिथे रूळ फुटतात ना, तिथे डबा उतरतो. आम्ही सगळे घरी आल्यावर ती हलक्या हाताने बाहेर ओढून घेतो. वय झालंय त्यांचं. रविवारी कुणी चुकूनही बोलायचं नाही असं आमचं ठरलंय." मी काहीतरी बोलले आणि फोन ठेवला.

चाकं दांडीवर दाबताना दोघांच्या मध्ये तुमची पोलादी पट्टी धरायची, ती घट्ट बसली की अंतर बरोबर. इतकी वर्षं मी त्या पट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला. गुरुवारी ती घेऊन बोईसरला एका गाळ्यात गेले. तिथल्या कारागिराने मायक्रोमीटर लावला आणि माझ्याकडे बघितलं. "दीदी, ये तो घिस गया है. कब से चला रही हो?" घरी येऊन आईला सांगितलं तर ती सुपातले तांदूळ निवडायची थांबली. "झिजली तर हाय. ते तिला चाकलेटचा चांदीचा कागद गुंडाळायचे. मला वाटलं तुला म्हाईत हाय." तो कागद मला आठवतो. पट्टीच्या डबीत घडी करून ठेवलेला होता. तुमच्या नंतर शेड झाडली तेव्हा मी तो कचरा म्हणून टाकून दिला. तुमच्या हातच्या शेवटच्या काही वर्षांचं मोजमाप त्या कागदात होतं आणि मी ते केरात घातलं. त्यानंतर पाठवलेली एकूण एक जोडी चुकीची गेली. काचेवरून मात्र सगळ्या बिनआवाज जात होत्या.

परवा, शुक्रवारी, मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. तुम्ही नाही आहात, चाकं माझी आहेत, चूक माझी आहे. त्यांनी विचारलं, "कधी?" मी सांगितलं. तर म्हणाले, "माझी बायको आजारी होती तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं होतं. त्याला उत्तर आलं होतं." मी म्हटलं, ते मी लिहिलं. ते म्हणाले, "मी ते तिला वाचून दाखवलं होतं." आणि फोन ठेवला. त्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्ही जसं बोलला असता तसंच लिहिलं होतं, की बाईंना खिडकीतून दिसेल अशा ठिकाणी रूळ हलवा, नवीन जोड्या पाठवतो. शुक्रवारपासून फोन नाही. काल मी केला, तो त्यांनी उचलला नाही.

आता फोन वाजला. संदेश आहे. "तासाभरात पोचतो. सातही आहोत. बाकीच्यांना मी काही बोललेलो नाही. ते तुम्ही सांगा."

घाईत लिहितेय, अक्षर तुमच्यासारखं येतंय. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणते, "सांग ना मग. खानार हायेत का तुला?" तिचं बरोबर आहे. मी सांगेन. शाल नको म्हणेन, चाकं परत मागवेन, सगळी पुन्हा करून देईन. तुमच्या हातात काही दोष नव्हता हे त्यांना कळलं पाहिजे, पुढे ते माझ्याकडून चाकं घेवोत न घेवोत. हा कागद मी घडी करून पट्टीच्या डबीत ठेवणार आहे, तो दुसरीकडे कुठे जाणार नाही. म्हणून एक गोष्ट इथे लिहून टाकते, जी मी आईला सांगितलेली नाही. बुधवारी डॉक्टर म्हणाले की वय झालंय त्यांचं, तेव्हा मी जे काहीतरी बोलले म्हणून वर लिहिलंय ते असं होतं. मी म्हणाले, "हो ना, हल्ली त्यांना कमी दिसतं." कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून म्हणाले, आणि म्हटल्यावर मला हायसं वाटलं. तुमची नजर शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होती, बाबा.